ज्येष्ठताक्रमाने आस्वाद

पगार ही वस्तू मनुष्याला कितीही मिळाली तरी तिच्याविषयी त्याच्या मनात कृतज्ञता उत्पन्न होत नाही. कारण ती त्याच्या हक्काची असते, आणि हक्काच्या वस्तूविषयी कृतज्ञ राहणे हे मनुष्यस्वभावाला धरून नाही. परंतु त्याच मनुष्याला दिवाळीत मालकाकडून सुक्या मेव्याचा एक पुडा मिळू द्या, अथवा कंपनीच्या खर्चाने एखाद्या रम्य स्थळी दोन रात्री काढण्याचा योग येऊ द्या, की तो ती हकीकत आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना आणि लोकलमध्ये समोर बसलेल्या सर्वस्वी अपरिचित गृहस्थालाही ऐकविल्यावाचून राहत नाही. हे मर्म जुन्या राज्यकर्त्यांना उत्तम प्रकारे अवगत होते. पेशव्यांच्या दप्तरातून मानकऱ्यांच्या पालख्या, अबदागिऱ्या, दिवट्या आणि त्या दिवट्यांचे तेल यांच्या नेमणुका मोठ्या अगत्याने नोंदलेल्या आढळतात. आणि माझा असा तर्क आहे की, रोख तैनात सहा महिने तुंबली तरी जो सरदार तोंडातून ब्र काढीत नसे, तोच दिवटीचे तेल बंद झाल्याबरोबर रुसून आपल्या जहागिरीत जाऊन बसत असला पाहिजे.

मद्य हा या वेतनेतर प्राप्तीचा प्रकार मात्र आपल्याकडे राजरोसपणे कधी रुजला नाही. पेशवाईत दारू गाळण्यास आणि पिण्यास सरकारी मनाई होती. तरीसुद्धा तोफखान्यातील फिरंगी गोलंदाजांना आपल्यापुरती भट्टी लावण्याची मोकळीक दिल्याचे दाखले इतिहासकारांनी दप्तरातून काढले आहेत. राज्याच्या नीतीला जो नियम लागू, तो राज्याच्या तोफेला लागू नाही, ही व्यवस्था त्या काळी कोणाला विसंगत वाटली नसावी. किंबहुना ‘कामाच्या निकडीस्तव’ हा जो वाक्प्रयोग आजच्या सरकारी टिपणांत आपणांस पदोपदी भेटतो, त्याचा उगम मला त्या भट्टीच्या धुरातच दिसतो. त्या सवलतीचा गोलंदाजांच्या नेमावर काय परिणाम होत असे, याची खरी चौकशी शत्रूखेरीज कोणी केली नसेल.

विलायतेत असला आडपडदा नव्हता. स्कॉटलंडमधील व्हिस्कीच्या भट्ट्यांत कामगारांना दिवसातून ठराविक वेळी रांगेने उभे करून मुकादमाने प्रत्येकाच्या पेल्यात मद्य ओतावे, आणि कोणी विशेष कष्टाचे किंवा घाणेरडे काम केले असल्यास त्याला एक पेला अधिक द्यावा, असा शिरस्ता १९७०च्या दशकापर्यंत अव्याहत चालू होता. ज्यांची तहान या शिरस्त्यात मावत नसे ते तांब्याची, एक टोक बंद केलेली नळी विजारीत लपवून नेत व पिंपात बुडवून भरून आणीत. धन्याच्या पायाशी इमानाने चालत घरी जाणाऱ्या या नळीला तिकडे ‘कुत्रा’ म्हणत असत. ब्रिटिश आरमारातील खलाशांना रोज मिळणारी रम ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली, तेव्हा त्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि काही जहाजांवर रीतसर प्रेतयात्रेचे सोंगही काढले. साम्राज्य गेले तेव्हा या आरमाराने इतका शोक केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आमची कंपनी साम्राज्य चालवीत नाही, शेतीचे पंप तयार करते. जमिनीच्या पोटातील द्रव पदार्थ वर आणणे हा आमचा पिढीजात व्यवसाय असल्यामुळे, बाटलीच्या पोटातील द्रव पदार्थाविषयी अधिकाऱ्यांचे ज्ञान वाढविणे हे कंपनीच्या ध्येयधोरणाशी सुसंगत आहे, असे मनुष्यबळ विभागाने एका परिपत्रकाद्वारे आम्हांस कळविले. विक्रीचे उद्दिष्ट पुरे करणाऱ्या दक्षिण विभागातील अधिकाऱ्यांना व निवडक विक्रेत्यांना ‘व्हिस्की-आस्वादाची एक सायंकाळ’ बक्षीस म्हणून देण्यात येत आहे, असे त्या परिपत्रकात म्हटले होते. आणि खाली, काहीशा बारीक टाइपात, उपस्थिती अनिवार्य असल्याचे नमूद केले होते. मी स्वतः एकही पंप विकत नाही. पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिणे आणि बैठकांचे इतिवृत्त ठेवणे एवढेच माझे काम. परंतु आस्वादाचेही इतिवृत्त असले पाहिजे, असा सरव्यवस्थापकांचा आग्रह पडल्यामुळे माझी वर्णी लागली.

स्थळ ठरले तंजावर जिल्ह्यातील तिरुविडैमरुदूर. यात कंपनीची रसिकता नव्हती, व्यवहार होता. मेट्टूर धरणाचे पाणी कावेरीत सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून. त्याच्या आगेमागे खोऱ्यात कुरुवै भाताची लावणी सुरू होते, आणि धरणाचे पाणी पोचेपर्यंत बोअरवेलच्या पाण्यावर ज्याला निभावायचे त्याला मे महिन्यातच पंप लागतो. म्हणून मे महिन्यात, जेव्हा तेथे सूर्य आणि जमीन यांच्यामध्ये ईश्वराने कसलाही आडोसा ठेवलेला नसतो, अशा वेळी आम्ही कुंभकोणला उतरलो आणि मायिलाडुतुरैच्या रस्त्याने, तिरुभुवनमच्या रेशीम विणणाऱ्या गल्ल्या ओलांडून, आठ-नऊ किलोमीटरांवरील आमच्या मुक्कामी पोचलो. नारळीच्या बागेत बांधलेल्या त्या विश्रामगृहात वातानुकूलित दालन होते, आणि पहिल्या तासात आम्ही ज्याचा खराखुरा आस्वाद घेतला ते हे दालनच होय.

मराठी मनुष्याने तिरुविडैमरुदूरला परका म्हणून जाऊ नये. तंजावरच्या भोसल्यांपैकी अमरसिंह हा १७८७ पासून १७९८ पर्यंत गादीवर होता. कंपनी सरकारने त्याला उतरवून सर्फोजीला बसविले, तेव्हा तो पेन्शन घेऊन याच गावी येऊन राहिला आणि १८०२ साली वारला. गावाचे संस्कृत नाव मध्यार्जुन. येथे त्याने एक लहानसा दरबार मांडला, गवई आणि वादक पदरी बाळगले आणि राज्य नसलेल्या राजाला शोभेल अशा इतमामाने दिवस काढले. नोकरी गेली पण भत्ते राहिले, अशी स्थिती आमच्या व्यवसायात केवळ संचालकांच्या वाट्याला येते. त्यामुळे सरव्यवस्थापकांनी अमरसिंहाची हकीकत फार लक्षपूर्वक ऐकून घेतली आणि पेन्शनीचा आकडा काय होता हे मला दोनदा विचारले. जवळचे कुंभकोण तर सर टी. माधवरावांचे जन्मस्थान. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी या गृहस्थाने एका आयुष्यात केली. त्याच्या भत्त्यांचा हिशेब करणारा कारकून मला भेटला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

ही हकीकत आम्हांस सांगणारे गृहस्थ म्हणजे आमचे स्थानिक विक्रेते. ते तंजावरी मराठी. त्यांच्या घराण्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी आणलेली मराठी अजून घरात बोलली जाते, परंतु बाजारात त्यांना सर्व लोक रीतीप्रमाणे ‘रायर’ म्हणतात, म्हणून आम्हीही रायर म्हणू लागलो. त्यांच्या मराठीत तमिळ हेल असा काही बेमालूम मिसळलेला होता की, प्रथम ऐकणाऱ्याला ते नुकतेच मराठी शिकू लागले आहेत असे वाटावे, आणि पाच मिनिटांनी आपणच ती विसरू लागलो आहोत असे वाटावे. पंप, मोटरी, केबली आणि त्यांची दुरुस्ती असा त्यांचा कुंभकोणात व्यवसाय आहे.

दुपारी रायरांनी आम्हांला महालिंगस्वामींच्या देवळात नेले. त्या देवळाचा एक प्राचीन नियम आहे : ज्या दाराने आत जावे त्या दाराने बाहेर येऊ नये. वरगुण पांड्य राजाच्या हातून नकळत एका ब्राह्मणाची हत्या घडली आणि ब्रह्महत्या त्याच्या पाठीस लागली. तो पूर्वेच्या गोपुरातून देवळात शिरला. तिला आत येण्याची मुभा नव्हती म्हणून ती बाहेरच त्याची वाट पाहत बसली. आणि राजा दर्शन घेऊन पश्चिमेच्या दाराने निघून गेला. ती अजून तेथे बसलेली आहे असे मानतात, आणि भाविक लोक तिची गाठ पडू नये म्हणून दुसऱ्या वाटेने बाहेर पडतात. ही कथा ऐकल्यावर आमच्या विक्री व्यवस्थापकांनी विश्रामगृहाला मागील दार आहे काय याची रायरांजवळ हळूच चौकशी केली. दालनाच्या प्रवेशद्वाराशी पुढील वर्षाच्या उद्दिष्टांचा भलामोठा तक्ता मनुष्यबळ विभागाने सकाळीच उभा करून ठेवला होता, ही गोष्ट येथे सांगितली पाहिजे.

येथे मला कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मद्याच्या बाबतीत मराठी मनुष्याची विवेकबुद्धी सन १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने घडविलेली आहे. त्या अधिनियमान्वये महाराष्ट्रात पिणाऱ्याजवळ आजही परवाना असावा लागतो, आणि ज्यांनी तो जन्मात काढलेला नाही अशा लक्षावधी प्रतिष्ठित नागरिकांच्या अंतःकरणात, पेला हाती घेताना, एक सूक्ष्म अपराधाची जाणीव असते. तिच्यामुळे मद्याला जी चव येते ती परवाना काढलेल्याला कदापि कळावयाची नाही. मद्रासचा इतिहास याहून नागमोडी. राजाजींनी १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली, १९४८ साली ती सबंध प्रांतात झाली, १९७१ साली उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. १९८३ साली सरकारने मद्याच्या घाऊक व्यापारासाठी स्वतःचे महामंडळ काढले आणि २००३ पासून किरकोळ दुकानेही स्वतःच चालविण्यास घेतली. ज्या वस्तूचा निषेध करावयाचा ती दुसऱ्याला विकू न देता आपणच विकावी, हा निषेधाचा प्रकार मोठा खर्चिक, परंतु उत्पन्नाचा आहे. आमच्या विश्रामगृहाजवळ मात्र हॉटेलाला लागणारा वेगळा परवाना होता, आणि तो काचेच्या चौकटीत घालून, शेजारच्या गणपतीच्या तसबिरीहून किंचित उंचावर, टांगलेला होता.

संध्याकाळी सात वाजता बंगळूरहून आलेले आस्वादगुरू अवतीर्ण झाले. वय तिशीच्या आत, अंगात वासकूट, आणि वाणी अशी मुलायम की त्यांनी साधे ‘बसा’ म्हटले तरी त्यात ओकच्या लाकडाचा अंश जाणवावा. प्रत्येकापुढे खाली फुगीर व वर निमुळते असे चार पेले ठेवले होते आणि प्रत्येकाच्या तळाशी इतके थोडे मद्य होते की, आमचे लेखाधिकारी, जे आजवर कोणत्याही खर्चाला अपुरा म्हणालेले नाहीत, त्यांनीही पेला दिव्यासमोर धरून पाहिला. गुरूंना वाटले ते रंगाचे निरीक्षण करीत आहेत; त्यांनी प्रसन्न होऊन लेखाधिकाऱ्यांची जाहीर प्रशंसा केली.

विधी असा होता : प्रथम रंग पाहावा, मग पेला नाकाशी न्यावा, परंतु नाक आत खुपसू नये, मग ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्यावा, मग एक घोट जिभेवर फिरवावा, मग पाण्याचे दोन-चार थेंब घालून हे सर्व पुन्हा करावे. पाण्याच्या थेंबांना शास्त्राधार आहे. स्वीडनमधील दोन रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली संगणकावर असे दाखविले की, पाणी घातले असता धुराचा वास देणारे ग्वायकॉलचे रेणू अल्कोहोलच्या सोबतीने पृष्ठभागाकडे येतात, म्हणजेच नाकाच्या अधिक जवळ येतात. रसायनशास्त्राने एवढी पाठराखण केल्यावर आमच्या उपव्यवस्थापकांनी सवयीने सोड्याची पृच्छा केली, तेव्हा गुरूंच्या मुद्रेवर उमटलेली वेदना मी इतिवृत्तात लिहिली नाही.

यानंतर प्रत्येकाने आपणांस काय जाणवले ते सांगावयाचे होते, आणि येथेच या संध्याकाळीचे खरे स्वरूप प्रकट झाले. पेल्यात एकच मद्य, नाके निरनिराळी, तेव्हा अभिप्राय निरनिराळे यावेत, अशी गुरूंची भाबडी अपेक्षा होती. त्यांनी आयुष्यात कचेरीत नोकरी केलेली नव्हती हे उघड होते. पहिला पेला उचलल्याबरोबर सर्वांची नजर सरव्यवस्थापकांकडे वळली. साहेबांनी डोळे मिटले, नाक हालविले आणि म्हणाले, “मध.” तत्क्षणी त्या मद्यात मध उत्पन्न झाला. प्रादेशिक व्यवस्थापकांना मध आणि थोडेसे मेण जाणवले. विक्री व्यवस्थापकांना मधाचे पोळे. उपव्यवस्थापकांना पोळ्याभोवतालची रानफुले. वरिष्ठांना दुजोरा तर द्यावयाचा, परंतु केवळ त्यांचीच री ओढली असे दिसू द्यावयाचे नाही, ही कसरत ज्याने वीस वर्षे केली आहे त्यालाच तिच्यातील कौशल्य कळेल. अडचण होते ती कनिष्ठांची. मध, मेण, पोळे आणि फुले वरच्यावर संपून गेल्यावर रांगेच्या शेवटी बसलेल्या शिकाऊ अभियंत्याला त्या सृष्टीत शिल्लक राहिली होती ती केवळ मधमाशी. आणि त्या बिचाऱ्याने अत्यंत गंभीरपणे, आपणांस घशाशी काहीतरी चावल्याची जाणीव होत आहे, असे निवेदन केले. गुरूंनी ते वहीत टिपून घेतले.

अभिप्रायासाठी शब्द कमी पडू नयेत म्हणून प्रत्येकापुढे एक छापील स्वादचक्रही ठेवले होते. असले चक्र स्कॉटलंडमधील पेंटलंड्स येथील संशोधकांनी १९७९ साली प्रथम तयार केले. फळे, फुले, धान्ये, लाकूड, धूर असे विभाग पाडून प्रत्येकाखाली विशेषणे दिलेली असतात. पंपाच्या माहितीपुस्तिकांत ‘मजबूत’, ‘टिकाऊ’ आणि ‘कमी विजेत अधिक पाणी’ या तीन विशेषणांवर माझी उपजीविका आजवर चाललेली असल्यामुळे मला त्या चक्राचा हेवा वाटला. दुसऱ्या पेल्यात साहेबांना नारळ सापडला. हा अभिप्राय निराधार नव्हता. अमेरिकी ओकच्या पिंपातून मद्यात जे द्रव्य उतरते त्याला खरोखरच नारळाचा वास असतो, आणि अमेरिकेत बर्बन भरण्यास दर वेळी नवे पिंप वापरण्याचे कायदेशीर बंधन असल्यामुळे तिकडची एकदा वापरलेली पिंपे जगभर स्वस्तात जातात. परंतु कुंभकोणच्या परिसरात वाढप्याच्या केसांपासून चटणीपर्यंत आणि खिडकीबाहेरच्या बागेपासून कपाळावरच्या घामापर्यंत प्रत्येक वस्तूला नारळाचाच वास असल्याने, तो पेल्यातून येत होता की वाढप्याकडून, हा प्रश्न ज्येष्ठताक्रमाने अनिर्णित राहिला.

तिसरा पेला बंगळूरच्या ‘अमृत’चा होता, आणि त्याच्या वेळी गुरूंची वाणी विशेष खुलली. ही कंपनी राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली काढली. हे आडनाव वाचताच मराठी वाचकाची छाती किंचित फुगेल, ती फुगू द्यावी, कारण पुढील मजकूर तिला पोषकच आहे. आपल्या देशात व्हिस्की म्हणून जे बहुतांशी खपते ते उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर आधारलेले असते आणि युरोपात त्याला व्हिस्की म्हणू देत नाहीत. जगदाळ्यांनी सातूची शुद्ध सिंगल माल्ट काढली आणि २००४ साली ती प्रथम विकावयास नेली कोठे, तर ग्लासगो शहरात. नाशिकला जाऊन द्राक्षे विकण्याचे किंवा कोल्हापुरास जाऊन तिखट विकण्याचे धैर्य ज्याच्या अंगी असेल त्यानेच हे करावे. पुढे २०१०च्या एका नामांकित ब्रिटिश व्हिस्की-कोशाने तिच्या ‘फ्यूजन’ नावाच्या प्रकाराला जगात तिसरी म्हटले, तेव्हा ज्यांनी आजवर तिला नाक मुरडले होते त्यांनी तेच नाक पेल्यात घातले.

बंगळूरच्या हवेचा एक उपसर्ग मात्र आहे. पिंपात मुरत असलेल्या मद्याचा काही भाग दर वर्षी वाफ होऊन उडून जातो. त्याला स्कॉटलंडातील लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. तिकडच्या थंडीत हा वाटा दरसाल दोन टक्क्यांच्या आसपास असतो. बंगळुरात तो दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. जगदाळ्यांनी आपल्या एका दुर्मीळ व्हिस्कीला ‘हावरे देवदूत’ अशा अर्थाचे नावच देऊन टाकले. हे ऐकून लेखाधिकारी प्रथमच सावरून बसले. मालाचा दशांश दरसाल गोदामातून नाहीसा होतो, त्याला कुलूप आहे, पहारा आहे, आणि तरीही दोष स्वर्गाकडे टाकून ताळेबंद मंजूर करून घेता येतो, ही कल्पना त्यांना आमच्या सुट्या भागांच्या कोठाराच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त वाटली.

रायर हे सर्व शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, “त्याचं नवल काय साहेब? आमच्या गावात सगळा कुंभच सांडला आहे.” आणि त्यांनी सांगितले की, प्रलयाच्या वेळी ब्रह्मदेवाने अमृताचा कुंभ पाण्यावर सोडून दिला, तो वाहत येथवर आला, शंकराने बाण मारून तो फोडला, आणि अमृत सांडून जी तळी झाली त्यांपैकी एक म्हणजे महामहमचे तळे, जेथे दर बारा वर्षांनी लक्षावधी लोक स्नानाला लोटतात. असे एक पर्व २००४ सालच्या मार्चमध्ये झाले. म्हणजे ज्या वर्षी कुंभकोणात सर्व हिंदुस्थान सांडलेल्या अमृतात बुडी मारीत होता, त्याच वर्षी बाटलीतील ‘अमृत’ स्कॉटलंडात गेले. या योगायोगावर साहेबांनी मान डोलविली. त्यामुळे सर्वांनी डोलविली.

मग चौथा पेला. ही व्हिस्की स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावरची. त्या बेटावर सरपण दुर्मीळ. म्हणून दलदलीत शतकानुशतके कुजून घट्ट झालेली वनस्पतींची माती, जिला पीट म्हणतात, ती कापून वाळवून जाळतात, आणि तिच्या धुरावर मोड आलेला सातू सुकवितात. तो धूर सातूत शिरतो, सातूतून मद्यात आणि मद्यातून, आम्ही पेला उचलल्याबरोबर, सबंध दालनात शिरला. साहेबांची भुवई क्षणभर वर चढलेली मी पाहिली. परंतु ते कसलेले गृहस्थ, डोळे मिटून म्हणाले, “सायंकाळचा समुद्र. आणि दूर कोठेतरी शेकोटी.” प्रादेशिक व्यवस्थापकांना खारा वारा लागला. विक्री व्यवस्थापकांनी जुन्या नौकेचा डांबरलेला दोरखंड हुंगला. उपव्यवस्थापकांना कोळ्यांची सुकत घातलेली जाळी दिसली, आणि शिकाऊ अभियंता आपल्या वाट्याला आता मासा येणार हे ओळखून मनाची तयारी करू लागला.

इतक्यात गुरूंनी, उपचार म्हणून, रायरांना विचारले. रायर विक्रेते, ते कंपनीच्या ज्येष्ठतासूचीत नाहीत, त्यांना बढती नाही, बदली नाही आणि गोपनीय अहवालही नाही. त्यांनी पेला नाकाशी नेला, पुन्हा नेला, आणि धंद्यातील मनुष्याच्या खात्रीने म्हणाले, “हा तर मोटर जळाल्याचा वास!”

दालन स्तब्ध झाले. खरोखरच तो मोटर जळाल्याचा वास होता. तेथे बसलेल्या प्रत्येक मनुष्याने तो वास आयुष्यात शेकडो वेळा घेतलेला होता. शेतात व्होल्टेज पडले, किंवा तीनांपैकी एक फेज गेला, आणि शेतकऱ्याने स्टार्टरला काडी खुपसून मोटर तशीच चालू ठेवली, म्हणजे वाइंडिंग तापून त्यावरचे वार्निश जळते, आणि जो उग्र, औषधी, घशाला झोंबणारा धूर निघतो तो हाच. गुरू विद्वान होते; त्यांनीही क्षणभर विचार करून सांगितले की यात आश्चर्य नाही, पीटच्या धुरातील द्रव्ये फिनॉल वर्गातील असतात आणि विद्युत्रोधक वार्निशांतही त्या घराण्यातील रेझिने वापरतात. शिकाऊ अभियंत्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आपण कॉलेजच्या प्रयोगशाळेपासून हेच म्हणत आलो आहोत, असे तो म्हणाला.

साहेबांनी पेला खाली ठेवला. समुद्र, शेकोटी, नौका आणि जाळी त्यांच्या चेहऱ्यावरून एका क्षणात पुसली गेली आणि त्यांनी रायरांना विचारले, “कोणत्या मॉडेलची?”

येथून पुढे त्या सायंकाळीचा आस्वाद संपला असे गुरू म्हणतील. माझ्या मते तो येथे सुरू झाला. रायरांनी पाच अश्वशक्तीच्या पाणबुडी पंपाचे नाव घेतले. या हंगामात कोणत्या गावी किती मोटरी जळाल्या, ते त्यांनी तोंडपाठ सांगितले. शेतकरी दुकानात पाऊल टाकताच ‘कॉइल पोयिडुच्चु’ म्हणजे कॉइल गेली एवढेच म्हणतो, आणि पुढचा सगळा तपशील आपण वासावरून ओळखतो, हेही सांगितले. येथे १९८९ पासून शेतीपंपांना वीज फुकट आहे, त्यामुळे मोटर बंद करण्याची घाई कोणाला नसते. वास गोडसर असेल तर नुसते वार्निश तापले आहे, मोटर वाचेल. झोंबणारा असेल तर संपूर्ण रिवाइंडिंग. आणि त्यात रबरी केबलची छटा मिसळली असेल तर चूक शेतकऱ्याची नसून जोड देणाऱ्याची. एवढे सूक्ष्म नाक मी त्या दालनात दुसरे पाहिले नाही. गुरूंनी आपले स्वादचक्र उलटे करून त्याच्या पाठीवर हे सर्व लिहून घेतले आणि रायरांना ते कोठे शिकलात म्हणून विचारले. “दुकानात बसून,” रायर म्हणाले, आणि त्यांनी तो चौथा पेला, वासाविषयी कसलीही तक्रार न करता, समाधानाने पिऊन टाकला. प्रादेशिक व्यवस्थापकांचाही तसाच पडून होता. तोही त्यांनी वाया जाऊ दिला नाही.

विक्री व्यवस्थापक स्वयंपाकघराच्या दाराने निघून जाण्याच्या बेतात होते, त्यांना साहेबांनी परत बोलावले. वार्निश कोणाकडून घेतो, गेल्या वर्षी ते बदलले कोणी, थर्मल रिले का गळला, असे प्रश्न निघाले. रात्री साडेदहापर्यंत चर्चा झाली आणि दाराशी उभा असलेला उद्दिष्टांचा तक्ता शेवटी दोघांनी उचलून आत आणला. मी सर्व लिहून घेतले.

पुढे हिशेबाचा प्रश्न आला. विश्रामगृहाचे बिल लेखाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचले, तेव्हा ते कोणत्या सदराखाली खर्ची टाकावे याचा निर्णय होईना. कर्मचाऱ्यांची सवलत म्हणावे तर आयकराच्या नियमांनी मालकाने कामाच्या वेळेत दिलेल्या खाण्यावर आणि पेयांवर जी सूट अनेक वर्षे ठेवली ती दर वेळी पन्नास रुपयांची, आणि पेय मद्यविरहित असावे अशी अट घालून. सरकारची सहानुभूती, थोडक्यात, कॉफीपाशी थांबते. प्रशिक्षण म्हणावे तर प्रमाणपत्र कोणाला दिले नव्हते. करमणूक म्हणावे तर माझे इतिवृत्त आड येत होते, कारण त्यात करमणूक सिद्ध करील असे एकही वाक्य नव्हते. अखेर त्याच इतिवृत्ताच्या आधारे, पाच अश्वशक्तीच्या मोटरींतील वाइंडिंगचे दोष व त्यांची घ्राणेंद्रियाने परीक्षा, या विषयावरील तांत्रिक चर्चासत्र म्हणून तो खर्च विक्रीपश्चात सेवेच्या सदरात टाकण्यात आला. रायरांचे नाव तज्ज्ञ वक्ते म्हणून घातले. त्यांना मानधन पाठविले, त्याची त्यांनी पावती पाठविली. लेखापरीक्षकांनी या सर्व प्रकरणावर फक्त एकच आक्षेप घेतला : परीक्षेसाठी हुंगण्यात आलेल्या मोटरीचा अनुक्रमांक नमूद केलेला नाही.